दर चार मिनिटांनी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कामावरून आलो, गच्चीचा जिना चढलो, आणि काहीतरी बिघडलंय हे डोळ्यांच्या आधी कानांना कळलं. टायमर टक् करून वाजला. त्यामागोमाग व्हॉल्व्ह उघडल्याचा बारीक आवाजही आला. पण त्यानंतर माझ्या बिनमातीच्या भाजीच्या बॅरलच्या पोटात, मुळांवर पाच सेकंद धुक्याचा जो फुस्स्स व्हायला हवा, तो झालाच नाही. पंप नुसताच घुरघुरत होता. हात लावला तर चटका बसला. पालकाची पानं ओल्या फडक्यासारखी बॅरलच्या अंगावर लोंबत होती, कोथिंबिरीनं मान टाकली होती. एक जाळीचा पेला उपसून बघितला, तर सकाळी पांढरीशुभ्र असलेली मुळं तपकिरी होऊन एकमेकांना चिकटली होती, भिजून वाळलेल्या सुताच्या गुंत्यासारखी. टाकीचं झाकण उघडलं. तळाला काळा गाळ बसला होता आणि फिल्टरच्या पारदर्शक वाटीत पाणी दिसतच नव्हतं, सगळा चिखल. टायमरच्या डबीमागं कुणीतरी पिवळट गवताची काडी खोचून ठेवली होती. तीही रागानं उपसली आणि गच्चीवरून खाली भिरकावली.

खाली येऊन विचारलं, "आई, वर टाकीत काय घातलंस?"

"माती," ती म्हणाली. आमटीत काय घातलंस विचारल्यावर चिंच म्हणावं, इतक्या सहज. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ बसून बीन्सच्या शिरा काढत होती.

मी म्हणालो, "तुला यातलं काही कळत नाही, तर हात कशाला लावतेस?" आवाज असा चढला होता की पलीकडच्या घरातला मागाचा खटखटाट थांबल्याचा भास झाला. आईनं वर बघितलं नाही. हातातली शेंग पुरी केली आणि दुसरी घेतली.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. रोपं तेव्हाच नव्यानं लावली, तीन आठवड्यांत पुन्हा पालक निघाला. ते वाक्य मात्र अजून जिन्यात उभं असतं. वर चढताना रोज त्याच्या बाजूनं जावं लागतं.

हे सगळं सुरू झालं बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत. तिथल्या एका वर्कशॉपमध्ये मी लेथवर आहे, बावीस वर्षं झाली. हायड्रॉलिकचे भाग, फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग, कुणाच्या उसाच्या गुऱ्हाळाचा शाफ्ट, असं काय काय हाताखालून जातं. एके दिवशी घटप्रभेकडचा एक पॉलिहाऊसवाला पितळेच्या नोझलांचा नमुना घेऊन आला. अशीच करून मिळतील का, म्हणाला. भोक ०.३ मिलिमीटर, म्हणजे डोक्यावरच्या केसाच्या चौपट. नमुना तपासायचा म्हणून मी त्यातून दाबानं पाणी सोडून बघितलं. दुपारचे साडेतीन झाले असतील, शटरमधून उन्हाचा एक पट्टा आत आला होता. त्या पट्ट्यात धुकं उभं राहिलं. मी हात घातला, तर ओल लागली नाही, फक्त गारवा लागला. तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा वास भरलेल्या त्या जागेत क्षणभर राकसकोपच्या तलावावरच्या सकाळचा वास आला. पॉलिहाऊसवाला म्हणाला, अशा धुक्यात आता मुळं नुसती लोंबकळत ठेवून भाजी काढतात, माती नाही की काही नाही.

त्याची नोझलं मी करून दिली. चार माझ्यासाठी जास्त केली.

वाचत गेलो तसं कळलं की ही कल्पना बरीच जुनी आहे. फ्रिट्स वेंट नावाच्या डच वनस्पतिशास्त्रज्ञानं कॉफीची आणि टोमॅटोची रोपं मुळं हवेत टांगून, त्यांवर पाण्याचे तुषार मारून वाढवली आणि १९५७ साली या पद्धतीला एरोपोनिक्स हे नाव दिलं. पण मला जास्त जवळची वाटली ती सिमल्याच्या बटाटा संशोधन केंद्राची गोष्ट. तिथं बियाण्याचे बारके बटाटे याच पद्धतीनं काढतात. अंधाऱ्या पेटीत मुळं लोंबत असतात आणि त्यांना सुपारीएवढे बटाटे लागतात. पिकतील तसे हातानं खुडून घ्यायचे. मातीच नसल्यानं मातीतून येणारे रोग लागत नाहीत. हे मी आईला सांगितलं, कारण बटाट्याचं बी म्हणजे तिचं लहानपण. तिचं माहेर उचगावकडचं, तांबड्या मातीचं. तिकडं मृगाच्या आधी जालंधरहून बियाण्याची पोती येत आणि घरातल्या सगळ्या बायका विळ्या घेऊन डोळे राखून बी कापायला बसत. माझं सगळं ऐकून तिनं विचारलं, "हवेत लागलेला बटाटा हिरवा पडत नाही काय रे?" माझ्याकडं तेव्हा उत्तर नव्हतं. पेटी काळोखी का ठेवायची, याचं अर्धं कारण तिनं त्या एका प्रश्नात मला दिलं होतं.

पहिला प्रयत्न फसला. गणपतीच्या देखाव्यात धूर काढायला पाण्यात बुडवून ठेवतात ते फॉगर मी आणलं होतं. धुकं सुरेख व्हायचं, पण थेंब इतके बारीक की मुळांवर बसण्याऐवजी बाजूनं तरंगत जायचे. वर त्या यंत्रानं पाणी तापायचं, आणि खताचं पाणी घातल्यावर पंधरा दिवसांत त्याच्या चकतीवर क्षारांचा कपचा धरला. मग दुसरा मार्ग धरला. पाठीवर अडकवून फवारणी करायचा जो बॅटरीचा पंप असतो ना, त्याच्या आतला १२ व्होल्टचा डायाफ्राम पंप बाजारात सुटा मिळतो. तो नवाच आणला, कारण वापरलेल्या पंपाच्या रबरात मुरलेलं औषध कितीही धुतलं तरी निघाल्याची खात्री देता येत नाही. त्याला पाणी शुद्ध करायच्या घरगुती मशीनमधली जुनी प्रेशरची टाकी जोडली. तिच्या पोटात रबराचा फुगा असतो. पंप तो फुगा पाण्यानं भरून दाब धरून ठेवतो, मग टायमर फक्त व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटतो. दर वेळी पंपाला उठावं लागत नाही. दाब ८० पौंडांच्या आसपास. पाच सेकंद धुकं, चार मिनिटं विश्रांती. दिवसरात्र.

बॅरल मिळालं एका बेकरीवाल्याकडून, लिक्विड ग्लुकोजचं, निळं, २०० लिटरचं. त्याला पेले तिरके बसवायचे होते. गोल भोक पाडलं की पेला सरळ आत घुसतो आणि रोप भिंतीला चिकटून वाढतं. म्हणून आडवी चीर पाडायची, हीट गननं तिचा खालचा ओठ मऊ होईपर्यंत शेकायचा, आणि प्लॅस्टिक लोण्यासारखं झालं की दोन इंची पाइपचा तिरका कापलेला तुकडा आत दाबून ते गार होईपर्यंत तसाच धरून बसायचं. एका भोकाला सात-आठ मिनिटं. चाळीस भोकांना दोन रविवार गेले. घाई केली की ओठ फाटतो, फार शेकलं की पिवळा पडून कडक होतो. लेथवर मी शतांश मिलिमीटरनं काम करणारा माणूस, इथं मात्र अंगठ्याला लागणारा मऊपणा हेच माप होतं. निळ्या भिंतीतून ऊन आत शिरू नये म्हणून बाहेरून आधी काळा रंग दिला, आणि तो तापू नये म्हणून त्याच्यावर पांढरा. एवढं करूनही एका पेल्याच्या फटीतून उजेड जात होता, तर आठ दिवसांत तेवढ्याच जागी मुळांवर हिरवं शेवाळ आलं. उजेडाचं बोट कुठं लागलंय ते शेवाळ बरोबर दाखवतं.

आणि मग खत. खरं शिकलो ते इथं. दुकानातून १९:१९:१९ आणलं. द्राक्षवाले, ऊसवाले ठिबकमधून देतात तेच. पाण्यात टाकताच पूर्ण विरघळतं, निळसर रंग येतो, सगळं झकास वाटतं. पंधरा दिवसांत पानं फिकी पडली. डोकं खाजवून झालं, मग समजलं की त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. युरिया मुळांना फारसा उपयोगी पडत नाही. मातीतले जिवाणू आधी त्याचं अमोनियात आणि मग नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, तेव्हा कुठं तो रोपाच्या तोंडी लागतो. माझ्या बॅरलमध्ये ते जिवाणू जवळजवळ नव्हतेच. म्हणजे मी दाणे दिले होते, जातं मात्र दिलं नव्हतं. मग कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशियम नायट्रेट, मोनो पोटॅशियम फॉस्फेट, मॅग्नेशियम सल्फेट आणि चिलेटेड लोह, असं एकेक वेगळं आणलं. त्यातही एकदा दाट द्रावण करताना कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट एकाच बादलीत कालवलं. बघता बघता पाणी ताकासारखं झालं आणि तळाला पांढरा साका बसला. कॅल्शियम आणि सल्फेट एकमेकांना धरून बसले, त्याचा जिप्सम झाला, रोपाच्या वाट्याला काही राहिलं नाही. तेव्हापासून दोन बादल्या. एकीत कॅल्शियम आणि लोह, दुसरीत बाकीचं, आणि भेट व्हायची ती थेट टाकीतल्या भरपूर पाण्यात.

पाणी पागोळ्यांचं. वडगावच्या आमच्या विहिरीचं पाणी जड आहे, नोझल दोन महिन्यांत बुजतं. पावसाळ्यात पत्र्याखाली पिंपं लावून ठेवतो, बेळगावच्या पावसाला त्याबाबतीत बोल लावायला जागा नाही. चाळीस रोपांना मिळून थंडीत दिवसाला तीन-चार लिटर पाणी पुरतं. बॅरलच्या भिंतीवरून ओघळून उरलेलं परत टाकीत येतं.

पहिली कोथिंबीर आईनंच लावली. धने तिनं पाटीवर घेऊन पायातल्या चपलेनं असे रगडले की प्रत्येकाचे बरोबर दोन भाग झाले, एकही चुरडला नाही. मी स्पंजचे तुकडे कापून दिले. स्पंजात बी खुपसताना तिनं प्रत्येक वेळी बोटाची तीच हालचाल केली, जी वाफ्यात करायची. दाबायचं आणि वरून अंगठा फिरवायचा. स्पंजावर अंगठा फिरवून झाकायला काहीच नव्हतं, तरी अंगठा फिरायचाच.

आमचं शेत वडगाव शिवारात होतं, आप्पांच्या वाट्याचे बावीस गुंठे. काळी माती. मृगाआधी धुळीत पेरलेला भात, आणि भात निघाला की त्याच ओलीवर मसूर. ज्यांनी ते बघितलेलं नाही त्यांना सांगून खरं वाटत नाही. मसुराला पाणी देत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचा आणि सोडून द्यायचा. वरचा थर वाळतो, भेगा पडतात, त्या भेगांत माझा अख्खा हात कोपरापर्यंत जायचा, आणि आत बोटांना गार लागायचं. खाली पावसाळ्याची ओल साठलेली असते. आप्पा म्हणायचे, मसूर दंवावर पिकतो. पहाटे शिवारावर धुकं उतरायचं, येळ्ळूरचा राजहंसगड त्याच्यावर तरंगल्यासारखा दिसायचा, आणि बांधावरून चालताना पोटऱ्यांपर्यंत चड्डी भिजायची. तीन-साडेतीन महिने त्या पिकाकडं कुणी घागरभर पाणी घेऊन गेलेलं मला आठवत नाही. घरात लग्न असो, कुणी मरो, आप्पा महिनाभर अंथरुणाला खिळलेले असोत, मसूर आपला वाट बघत उभा असायचा.

माझ्या बॅरलला वाट बघता येत नाही. चार मिनिटं, फार तर आत ओलावा कोंडलेला असेल तोवर तास-दोन तास, मग संपलं. हे मी रोपं लावायच्या आधीच कागदावर वाचलं होतं, पण अंगाला लागलं ते पहिल्या उन्हाळ्यात. एकदा आम्ही सगळे लग्नाला खानापूरला गेलो होतो. जेवायच्या पंगतीत बसलो आणि मोबाइलवर शेजाऱ्याचा फोन आला, सकाळपासून करंट नाही. पंपाला बॅटरी आहे हे माहीत असूनही पुढचा घास गिळेना. बॅटरीची वायर नीट बसवली होती का, एवढंच डोक्यात. परत येईपर्यंत मी तीन वेळा घड्याळ बघितलं, आणि दर वेळी हिशोब एकच, आत्तापर्यंत किती चार मिनिटं झाली. शेत असताना आप्पांच्या चेहऱ्यावर पावसाची काळजी बघितली होती, किडीची बघितली होती. ही काळजी वेगळी होती. मातीनं आपल्या कितीतरी गैरहजेऱ्या मुकाट्यानं भरून काढल्या होत्या, ते त्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून बसल्यावर लक्षात येत गेलं. ओल धरून ठेवणं, युरिया दळून देणं, मुळांना उन्हापासून झाकणं, एखाद्या दिवशी जास्त झालेलं खत पोटात ठेवून हळूहळू देणं. ती सगळी कामं मी तिच्याकडून काढून घेतली होती आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली होती, एका टायमरच्या भरवशावर.

त्याच एप्रिलमध्ये टाकीतलं पाणी ३१ अंशांवर गेलं. गरिबांचं महाबळेश्वर असलं तरी बेळगावची गच्ची एप्रिलमध्ये गच्चीच असते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांना लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. आणि नेमकं त्याच उबेत मुळं कुजवणारी बुरशी फोफावते. मुळांना बुळबुळीतपणा आला, वास आला, नासलेल्या भाताच्या पेजेसारखा. मी बर्फाच्या बाटल्या टाकत होतो, सकाळ-संध्याकाळ धावपळ. आई एकदा वर आली, टाकीला हात लावून बघितला आणि म्हणाली, "बर्फ काय टाकूलालास? गोणपाट गुंडाळ की." भिजवलेलं गोणपाट टाकीभोवती गुंडाळलं, त्याचं एक टोक पाण्याच्या बादलीत सोडलं, म्हणजे ते आपोआप भिजत राहील. दुसऱ्या दिवशी दुपारी तापमापक २६ दाखवत होता. माठ गार कसा राहतो हे मलाही शाळेपासून माहीत होतं. पण टाकीच्या अंगावर पंप, व्हॉल्व्ह, वायरी लटकत होत्या, त्यामुळं मला ती यंत्र दिसत होती. आईला ती पाण्याची टाकी दिसत होती.

भाजीच्या चवीबद्दल मी खरं तेच सांगेन. पालक कोवळा, देखणा, माती नसल्यानं धुवायचा त्रास नाही. पुदिन्यानं तर बॅरल डोक्यावर घेतलं, त्याची मुळं खाली टाकीपर्यंत लोंबत आली, वडगावच्या मागावर ताणा लावायच्या आधी सुताची लड टांगलेली असते, हुबेहूब तशी. पण कोथिंबिरीला वास थोडा कमीच. शनिवारच्या बाजारात कडोलीकडची पेंडी घेतली की पिशवीतून घरभर जातो तसा येत नाही. मेथी कडूच लागेना. टाकीतलं पाणी थोडं कमी वेळा सोडून, रोपाला किंचित ताण देऊन बघितलं, तर वास वाढला. म्हणजे वासाला थोडी तहान लागते. आईला मी दर वेळी विचारायचो, कशी झालीय भाजी. ती म्हणायची, "चांगली आहे की." त्या 'की'मध्ये काय होतं ते मला ओळखता यायचं नाही, आणि मी मनाशी ठरवून टाकलं होतं की तिला हे पटलेलं नाही.

म्हणून त्या संध्याकाळी 'माती' हा शब्द ऐकल्यावर माझा हिशोब तयारच होता. मातीशिवाय पीक तिला बघवलं नाही, म्हणून तिनं मूठभर घातली. अर्थ लागला होता, राग त्या अर्थावर उभा होता.

चिखलानं भरलेला फिल्टर मी तेव्हा एका मगात टाकून ठेवला होता. नवा बसवला होता, घाई नव्हती. आठ-दहा दिवसांनी, रविवारी, तो धुवायला घेतला. जाळी इतकी बारीक की बोटानं माती निघत नाही, जुन्या दात घासायच्या ब्रशनं हळूहळू काढावी लागते. काळी माती भिजली की फुगते, जाळीच्या प्रत्येक छिद्रात घट्ट बसली होती. वाळलेल्या थराचा एक पापुद्रा सुटून तळहातावर आला. त्यात जोंधळ्याचं एक टरफल होतं. पूर्ण दाणा नव्हे, आतलं सत्त्व वापरून संपलेलं रिकामं टरफल, आणि त्याला चिकटून वाळलेला एक इवला मुळाचा धागा.

टाकीत जोंधळा कुठून येणार?

ब्रश हातातच राहिला. टायमरमागं खोचलेली ती पिवळट काडी आठवली. गवत नव्हतं ते. देवघरातल्या अंधारात नऊ दिवस वाढलेल्या कोंबांचा रंग तसाच असतो, हिरव्याच्या अलीकडचा. पत्रावळीवर काळी माती पसरायची, त्यात गहू, जोंधळा, भात, हरभरा पेरायचा, मधे घट मांडायचा, रोज एक माळ आणि हाताच्या ओंजळीनं शिंपडलेलं पाणी. सातव्या-आठव्या माळेला पत्रावळीच्या खालून पांढरी मुळं बाहेर डोकावायची, लहानपणी मी आडवा पडून ती बघायचो. दसऱ्याला घट उठवला की कोंब देवाला, मग आप्पांच्या टोपीत, आईच्या वेणीत. आणि माती पाटीत घालून शेतात. आप्पा पाटी खांद्यावर घेऊन पुढं, मी मागं. भात तेव्हा लोंबीवर आलेला असायचा, वाकलेला. बांधाच्या कोपऱ्यावर आप्पा चप्पल काढायचे, माती मुठीमुठीनं पिकात टाकायचे, आणि राहिलेले चार कोंब भाताच्या एका चुडाला गाठ मारून बांधायचे. तिथं उभं राहून काही बोलत नव्हते. एकदा मी विचारलं होतं, ही माती इथलीच, मग परत कशाला? म्हणाले, नेली होती, आणून दिली.

शेत गेलं त्याला सहा वर्षं झाली होती. काही आप्पांच्या आजारपणात, काही या घराच्या स्लॅबमध्ये. त्यानंतर घटाची माती तुळशीत जात होती, मला माहीत होतं. दर दसऱ्याला आई कुंडीपाशी वाकलेली दिसायची.

मी खाली गेलो. आई तांदूळ निवडत होती. ओला फिल्टर माझ्या हातात तसाच होता.

"आई, ती घटातली माती होती?"

"मग?"

"तुळशीत घालतेस ना दर वर्षी."

तिनं सूप थोडं हलवलं, खडा काढून बाजूला ठेवला. "तुळशीत किती वर्षं घालायची? ती माती पिकात जायची असते. यंदा घरात पीक होतं."

मी तिच्यासमोर बसलो. काय बोलावं ते सुचलं नाही. सुपातले दोन खडे मीही काढले. आणि वर्षभर, टायमरचा टक् ऐकला की मला ती आदल्या सकाळची गच्ची दिसायचा प्रयत्न करते, जी मी बघितलेली नाही. दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढलेली आई, हातात पत्रावळ, टाकीचं झाकण उघडून ती मुठीमुठीनं माती सोडतेय, आणि मग चार कोंब कुठं बांधावेत म्हणून चुडा शोधतेय. बॅरलला चूड नाही. म्हणून टायमर.

यंदा नवरात्राच्या आधी मी वडगाव शिवारात गेलो. आमच्या बावीस गुंठ्यांवर आता प्लॉटचे दगड आहेत. पलीकडचं शेत अजून कसतात, त्यांना विचारून दोन पोती काळी माती आणली, घटाला तीच दिली. उरलेली आणखी एका बॅरलचं अर्ध कापून त्यात भरली, पावसानं चांगली भिजू दिली, आणि ते अर्धं बॅरल पांढऱ्या बॅरलच्या शेजारी ठेवलं. टाकीतलं खताचं पाणी दर पंधरा दिवसांनी बदलावं लागतं, जुनं आजवर मोरीत जायचं. आता त्या पाण्याचा पाइप या मातीत आणून सोडला. पाइपला टोकाशी बारीक छिद्रं पाडली, म्हणजे पाणी सगळीकडं सारखं पसरेल. या कामात माझे दोन रविवार गेले, पण मनासारखं झालं.

दसऱ्याला घट उठवल्यावर आई वर आली. मी पत्रावळ धरली, तिनं माती मुठीमुठीनं अर्ध्या बॅरलमध्ये टाकली. कोंब मी टायमरमागं खोचले. मग तिनं कमरेला खोचलेल्या पदराची गाठ सोडली. त्यात मूठभर मसूर होता. बोटानं रेघा ओढून तिनं तो पेरला, वरून अंगठा फिरवला, या वेळी अंगठ्याखाली माती होती. शेजारी पाच सेकंद धुकं सुटलं आणि थांबलं.

मग तिनं माझ्या पाइपकडं बघितलं. छिद्रांवरून बोट फिरवलं, टोक उचलून बघितलं.

"हा बाजूला घे," म्हणाली. "मसुराला पाणी लागत नाही."

मी पाइप बाजूला घेतला.